जनुक मोकळे झाले, अर्थ मात्र कुलपात

कर्वेनगरातील एका परिचित कुटुंबात काही महिन्यांपूर्वी एक अहवाल आला. आई अंडाशयाच्या कर्करोगाने गेलेली, साताऱ्याच्या मावशीवर पन्नाशीच्या आतच स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली. त्यामुळे चौतीस वर्षांच्या मुलीने डॉक्टरांच्या सल्ल्याने 'बीआरसीए १' आणि 'बीआरसीए २' या दोन जनुकांची तपासणी करून घेतली. अहवालात 'दोष आहे' असे लिहिलेले नव्हते आणि 'दोष नाही' असेही नव्हते. बीआरसीए २ या जनुकात एक बदल आढळला असून त्याचे महत्त्व सध्या निश्चित करता येत नाही, एवढेच त्यात म्हटले होते. 'मग मी आता करायचे काय?' हा तिचा साधा प्रश्न होता आणि समुपदेशकांपाशी त्याचे सरळ उत्तर नव्हते.

हे उत्तर का नाही, याचा शोध घेऊ लागल्यास वैद्यकशास्त्राबरोबरच पेटंटच्या इतिहासातही शिरावे लागते.

ही दोन्ही जनुके प्रत्येकाच्या शरीरात असतात आणि त्यांच्यापासून तयार होणारी प्रथिने पेशीतील डीएनएची मोडतोड दुरुस्त करण्याच्या कामी येतात. जन्मतःच त्यांपैकी एखादे जनुक निकामी असेल, तर स्त्रीला वयाच्या ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्क्यांवर जाते. अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही बराच वाढतो. स्तनाच्या कर्करोगाच्या सर्व रुग्णांत असा आनुवंशिक दोष असलेल्यांचे प्रमाण पाच ते दहा टक्केच असते. परंतु ज्या घरात तो असतो, तेथे बहिणी, मुली, भाच्या अशा सर्वांचाच प्रश्न उभा राहतो.

हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे अमेरिकेतील मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवून दिले. त्यानंतर सुरू झालेल्या शर्यतीत मिरियड जेनेटिक्स ही कंपनी पुढे गेली. तिच्या संशोधकांनी १९९४ मध्ये बीआरसीए १ वेगळे केले, पुढे बीआरसीए २ चाही क्रम मिळवला आणि दोन्हींवर पेटंटे घेतली. परिणाम असा झाला, की अमेरिकेत या जनुकांची चाचणी व्यापारी तत्त्वावर करणारी एकच प्रयोगशाळा उरली. चाचणीचा खर्च तीन हजार डॉलरच्या वर गेला. निकालाबद्दल शंका वाटल्यास दुसऱ्या प्रयोगशाळेचे मत घेण्याची सोय राहिली नाही. मोठी शस्त्रक्रिया करावी की नाही, याचा निर्णय ज्या कागदावर घ्यायचा, तो पडताळून पाहण्याचा मार्ग बंद होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

आपल्याकडे पेटंट म्हटले की हळदीची आठवण निघते. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाला १९९५ मध्ये मिळाले. त्याविरुद्ध सीएसआयआर या संस्थेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली दाद मागितली आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद भूषवून दिल्लीस गेलेल्या या मराठी शास्त्रज्ञाचे ते यश आपण अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. मात्र तो लढा जुन्या ज्ञानाच्या पुराव्यावर जिंकला गेला. एक संस्कृत ग्रंथ, १९५३ सालच्या वैद्यकीय नियतकालिकातील एक लेख, अशा दाखल्यांनी हा उपयोग नवा नसल्याचे सिद्ध झाले. जनुकाच्या बाबतीत तो मार्ग नव्हता. बीआरसीए १ चा क्रम १९९४ पूर्वी कोणत्याच पोथीत नव्हता आणि कोणत्याच आजीला ठाऊक नव्हता. माहिती खरोखरच नवी होती. प्रश्न होता तो हा, की नवी माहिती म्हणजे नवा शोध, की आधीपासून असलेल्या वस्तूचा लागलेला शोध? मराठीत दोन्हींना आपण 'शोध' हाच शब्द वापरतो. कायद्याचा सारा वाद त्या दोन अर्थांमधील फटीत आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ जून २०१३ रोजी तो एकमताने मिटवला. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा, की मिरियडने महत्त्वाचे आणि उपयुक्त जनुक शोधून काढले हे खरे. पण ते भोवतालच्या जनुकीय द्रव्यापासून वेगळे करणे म्हणजे नवनिर्मिती नव्हे. प्रयोगशाळेत तयार केलेल्या, निसर्गात त्या रूपात न आढळणाऱ्या डीएनएला मात्र पेटंटपात्र मानले गेले. त्याच दिवशी अन्य कंपन्यांनी स्वस्त चाचण्यांची घोषणा केली. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठानेही २०१५ मध्ये मिरियडविरुद्ध कौल दिला. युरोपने १९९८ च्या निर्देशाद्वारे वेगळ्या केलेल्या जनुकाला पेटंट देण्याची वाट खुली ठेवली होती व ती अद्याप तशीच आहे.

भारतात हा प्रश्न एवढ्या टोकाला गेला नाही, याचे श्रेय आपल्या कायद्याला द्यावे लागेल. १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार निसर्गात आढळणाऱ्या सजीव वा निर्जीव पदार्थाचा केवळ शोध हा पेटंटला पात्र ठरत नाही. माणसावरील उपचाराची व निदानाची प्रक्रियाही पात्र ठरत नाही. पेटंट कार्यालयाने २०१३ मध्ये जैवतंत्रज्ञानासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत निसर्गातून थेट वेगळी केलेली जनुके आणि प्रथिने पेटंटयोग्य नसल्याचे स्पष्ट केले आहे. मात्र ही भिंत वाटते तितकी सलग नाही. गर्भवतीच्या रक्तातून गर्भाच्या डीएनएचे विश्लेषण करण्याच्या पद्धतीवरील अर्ज पेटंट कार्यालयाने 'निदान' म्हणून फेटाळला होता. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये तो निर्णय रद्द केला आणि 'निदान' या शब्दाची व्याप्ती रोग ओळखता येईल अशा प्रक्रियांपुरती असल्याचे सांगितले. पुढील अर्जांचे मसुदे हा निकाल समोर ठेवूनच लिहिले जातील, यात शंका नाही.

सूक्ष्मजीवांना पेटंटमधून वगळता येईल काय, हा प्रश्न २००५ मध्ये नेमलेल्या माशेलकर समितीकडे सोपवण्यात आला होता. सरसकट वगळणे जागतिक व्यापार कराराशी विसंगत ठरेल, असे तिचे मत पडले. समितीच्या अहवालातील काही मजकूर एका अभ्यासलेखातून जसाच्या तसा आल्याचे उघड झाल्याने २००७ मध्ये तो मागे घ्यावा लागला आणि सुधारित अहवाल २००९ मध्ये आला. त्या गदारोळात मूळ प्रश्नावर जी सार्वजनिक चर्चा व्हायला हवी होती ती झालीच नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

जनुकाबाबत आपण सुरक्षित राहिलो, तरी प्रथिनाबाबत तसे नव्हते, आणि त्या प्रकरणाचा एक धागा थेट पुण्याशी जोडलेला आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण पाचांपैकी एका रुग्णात 'हर २' या जनुकाच्या अतिरिक्त प्रती असतात व त्या जनुकाचे प्रथिन पेशींच्या पृष्ठभागावर दाटीने उगवते. त्याला जाऊन चिकटणारे 'ट्रॅस्टुझुमॅब' हे प्रतिपिंड म्हणजे स्वतःही एक प्रथिनच; परंतु ते उंदराच्या प्रतिपिंडाला मानवी रूप देऊन प्रयोगशाळेत घडवलेले. अमेरिकेत १९९८ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झाले. निसर्गाने ते दिलेले नाही, त्यामुळे त्यावरील पेटंटला आपल्या तिसऱ्या कलमाची आडकाठी नव्हती. रोश कंपनीच्या या औषधाची ४४० मिलिग्रॅमची एक कुपी भारतात लाखाहून अधिक रुपयांना मिळे आणि वर्षभराच्या उपचारात दर तीन आठवड्यांनी एक मात्रा द्यावी लागे. पुण्यामुंबईतील अनेक घरांत औषधाची चिठ्ठी असे, औषध नसे.

मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून बायरच्या 'नेक्साव्हर' या औषधासाठी हैदराबादच्या नॅटको कंपनीस सक्तीचा परवाना देण्यात आला. महिन्याच्या उपचाराचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८ हजार ८०० रुपयांवर येणार होता. असा परवाना देण्याची भारतातील ती पहिलीच वेळ. नेमक्या त्याच सुमारास रोशने पुण्याच्या एमक्युअर कंपनीशी करार करून ट्रॅस्टुझुमॅब वेगळ्या नावाने व कमी दराने आणण्याचे ठरवले. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध नव्हता, असे मानणे भाबडेपणाचे होईल. दर उतरला तरी कुपी पाऊण लाखाच्या आसपासच राहिली. महिला संघटना आणि रुग्णांनी मोहीम चालवली, जानेवारी २०१३ मध्ये सरकार या औषधासाठीही सक्तीच्या परवान्याचा विचार करीत असल्याच्या बातम्या आल्या आणि ऑगस्टमध्ये रोशने भारतातील पेटंट पुढे न चालवण्याचे जाहीर केले. २०१४ च्या आरंभी बायोकॉनचे समरूप औषध ५७ हजार ५०० रुपयांना बाजारात आले. पुढच्या वर्षी ट्रॅस्टुझुमॅब आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत दाखल झाले आणि किंमत नियंत्रणाच्या कक्षेत आले.

त्याच प्रतिपिंडाला विषारी औषधाची जोड देऊन केलेल्या 'ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकन' या नव्या औषधावरील सीमाशुल्क २०२४ च्या जुलैतील अर्थसंकल्पात माफ करण्यात आले, ही बातमी आपण वाचली असेल. तो नव्या पेटंटांचा नवा अध्याय आहे.

मानवनिर्मित जनुकावर पेटंट असणे सर्वस्वी वाईट, असे मात्र म्हणता येणार नाही. आयआयटी मुंबई व टाटा स्मारक रुग्णालय यांनी मिळून विकसित केलेल्या 'नेक्सकार १९' या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींत घडवलेले जनुक बसवून त्या पेशी परत देण्याचा हा उपचार परदेशात तीन-चार कोटी रुपयांना पडतो. येथे तो तीस ते चाळीस लाखांत देता येऊ लागला. पवईच्या संशोधकांनी जनुकाची रचना स्वतःची केली, म्हणूनच हे शक्य झाले. तीस लाख ही रक्कमसुद्धा कर्वेनगरच्या निवृत्त शिक्षकाला आयुष्याची पुंजी मोडायला लावणारी आहे, ही गोष्ट वेगळी.

आता त्या अहवालाकडे वळू. जनुकावर भारतात पेटंट नाही, अमेरिकेतही २०१३ पासून नाही, चाचणी काही हजारांत होते. मग अर्थ अनिश्चित का राहतो? जनुकातील अक्षरे वाचता येणे आणि त्यांतील एखाद्या बदलाचा परिणाम सांगता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तोच बदल असलेल्या पाचपन्नास घरांत कोणाला कर्करोग झाला, कोणाला नाही, हे ताडून पाहिल्यावरच अर्थ ठरतो. मिरियडने नेमके हेच साठवले होते. २००४ पासून तिने सार्वजनिक संग्रहात माहिती देणे थांबवले. पेटंटांच्या काळात सुमारे दहा लाख लोकांच्या चाचण्या तिच्याकडे झाल्या आणि निकालाच्या वेळी तिच्या अहवालांत 'अर्थ अनिश्चित' असा शेरा सुमारे तीन टक्के होता, तर युरोपीय प्रयोगशाळांत तो वीस टक्क्यांच्या घरात होता. न्यायालयाने पेटंट काढून घेतले. पेटंटच्या आधारे जमवलेले ज्ञान व्यापारी गुपित म्हणून कंपनीपाशीच राहिले. पेटंटला निदान वीस वर्षांची मुदत असते आणि त्यातील मजकूर जाहीर करावा लागतो. गुपिताला यांपैकी काहीच लागू नाही.

यावर उतारा म्हणून अमेरिकेत डॉक्टरांनी रुग्णांच्या संमतीने त्यांचे अहवाल गोळा करून 'क्लिनव्हार' या खुल्या संग्रहात भरण्यास सुरुवात केली. हा संग्रह आज जगभर वापरला जातो, पण त्यात भर मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. मराठी कुटुंबातील एखादा बदल तेथे सापडला नाही, तर प्रयोगशाळा 'अनिश्चित' लिहून मोकळी होते. तिचाही नाइलाज असतो. 'जीनोम इंडिया' प्रकल्पातील सुमारे दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी उपलब्ध झाली. ८३ समाजगटांतील हे नमुने निरोगी माणसांचे आहेत. एखादा बदल निरोगी लोकांत सर्रास आढळतो काय, हे त्यावरून कळते आणि तोही मोठा आधार होय. आजारी घरांची माहिती मात्र खासगी प्रयोगशाळांच्या आणि रुग्णालयांच्या संगणकांत विखुरलेली आहे आणि ती एकत्र करण्याचे बंधन कोणावरही नाही.

असे बंधन घालता येईल. चाचणीस परवानगी देताना, नाव-पत्ता वगळून आढळलेला बदल आणि कुटुंबाचा कर्करोगाचा इतिहास राष्ट्रीय संग्रहात जमा करण्याची अट घातली, तर पाचसात वर्षांत आपल्याकडील अनेक अनिश्चित बदलांचा निकाल लागू शकेल. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या चौकटीत संमतीचा नमुना ठरवावा लागेल. लहान गावात, लहान पोटजातीत केवळ नाव वगळल्याने ओळख लपत नाही, विवाहाच्या बाजारात तर मुळीच नाही. या भीतीचीही दखल घ्यावी लागेल. प्रयोगशाळा स्पर्धेचे कारण पुढे करतील. रुग्णाने स्वतःचे रक्त आणि स्वतःचे पैसे देऊन निर्माण केलेल्या ज्ञानावर स्पर्धकांपासून संरक्षण मागणे कितपत रास्त आहे, हे त्यांना विचारावयास हवे.

कर्वेनगरच्या त्या मुलीला डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची घाई करू नये, ठरावीक अंतराने तपासणी करीत राहावे आणि वर्षभराने अहवालाचा फेरआढावा मागावा, असे सुचवले आहे. दुसरी सूचना मावशीसंबंधी होती. तोच बदल मावशीतही असेल तर संशयाला बळ मिळते, नसेल तर संशय बराच कमी होतो. आपले आजारपण पुन्हा उकरून काढायला मावशी प्रथम तयार नव्हत्या. गेल्या आठवड्यात त्या साताऱ्याहून आल्या आणि रक्ताचा नमुना देऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या.