नाताळाआधींचे दिवस

डिसेंबर लागला कीं रत्नागिरीच्या बाजारांत कागदी तारे टांगलेले दिसूं लागतात. ज्या दुकानदारानें भाद्रपदांत मखरें विकलीं आणि आश्विनांत आकाशकंदील विकले, तोच आतां हे तारे विकतो. त्याच्या तराजूस धर्म नाहीं, व त्याबद्दल त्यास कोणी दोष देऊं नये. परंतु याच सुमारास दुसराही एक माल दरसाल बाजारांत येतो, तो वादाचा. हा सण परक्यांचा आहे, आमच्या मुलांच्या शाळेंत तो कशाला, मिशनरी लोकांनीं या देशांत येऊन बाटवाबाटवीखेरीज केलें काय, अशी चर्चा सुरू होते व सण उलटला म्हणजे शमते. २०२५ सालच्या फेब्रुवारींत महाराष्ट्र सरकारनें सक्तीच्या धर्मांतरास आळा घालणाऱ्या कायद्याचा विचार करण्यासाठीं समिती नेमली, तेव्हांपासून या चर्चेस अधिक धार आली. तेव्हां घरदार सोडून परमुलखांत आलेला मिशनरी दिवसभर करीत तरी काय असे, हें आमच्याच जिल्ह्याच्या इतिहासांत पाहून मग मत बनविणें बरें, असें आम्हांस वाटतें.

या किनाऱ्यावरील पहिला स्कॉच मिशनरी डोनाल्ड मिचेल. हा पूर्वी कंपनीच्या फौजेंत अधिकारी होता; पुढें धर्मोपदेशक होऊन १८२३ सालीं तो मुंबईस परत आला. त्याचा डोळा पुण्यावर होता. परंतु पेशवाई बुडून जेमतेम पांच वर्षें झालेलीं. तेथें मिशनरी गेला तर लोक बिथरतील, या भीतीनें सरकारनें त्यास पुण्यास जाऊं न देतां दक्षिण कोंकणांत जाऊं दिलें. म्हणजे बाणकोट आणि हर्णै हीं ठाणीं मिशनऱ्यांनीं निवडलीं असें म्हणण्यापेक्षां तीं त्यांच्या वांट्यास आलीं असें म्हणणें अधिक खरें. मिचेल त्याच वर्षीं वारला. त्याच्यामागून जेम्स मिचेल, स्टीव्हन्सन, क्रॉफर्ड, १८२७ सालीं रॉबर्ट नेसबिट, आणि १८२९ सालीं जॉन विल्सन व त्यांची पत्नी मार्गारेट अशीं माणसें आलीं.

त्यांचा दिनक्रम डोळ्यांपुढें आणावा. मुंबईहून यावयाचें तें गलबतानें. पावसाळ्यांत समुद्र बंद, वाटा बंद. म्हणून भाषेचा अभ्यास पावसाळ्यांत, आणि फिरती हिंवाळ्यांत. ज्या महिन्यांत आज तारे टांगले जातात, तोच त्यांचा पायपिटीचा महिना. सकाळीं शास्त्रीबोवांपुढें बसून मराठीचीं रूपें घोकावयाचीं. मग आसपासच्या गांवांतील शाळा पाहावयाच्या. या शाळांतून शिकविणारे पंतोजी बहुधा आमचेच, पुष्कळदां ब्राह्मण. ते ख्रिस्ती पुस्तक मुलांकडून वाचवून घेत आणि घरीं जाऊन संध्या करीत. उभयपक्षीं हें सर्वांस ठाऊक असे. उरलेल्या वेळांत बाजारांत किंवा देवळाच्या वाटेवर उभें राहून उपदेश करावयाचा, ऐकणाऱ्यांचे उलट प्रश्न सोसावयाचे. इतक्या खटाटोपाचें फळ काय, तर कोंकणांत बाप्तिस्मा घेतलेलीं माणसें अगदीं थोडीं. पुढें हें ठाणें मोडून मंडळी मुंबई-पुण्याकडे गेली.

आतां वाचकांस नवल वाटेल अशी गोष्ट. या मंडळींच्या पंथांत नाताळ हा सणच नव्हता! स्कॉटलंडांतील सुधारलेल्या चर्चनें तो शास्त्राधार नाहीं म्हणून टाकून दिला होता. १६४० सालीं तेथील पार्लमेंटानें या दिवसांची सुट्टी कायद्यानें काढून टाकली. आणि २५ डिसेंबर ही तेथें सार्वजनिक सुट्टी झाली ती १९५८ सालीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथें तर १६५९ पासून १६८१ पर्यंत हा सण पाळणारास दंड होत असे, आणि मुंबईस १८१३ सालीं आलेल्या अमेरिकन मराठी मिशनचें मूळ त्याच प्रांतांत. म्हणजे आमच्या किनाऱ्यावर नाताळ या गोऱ्या पाद्र्यांनीं आणला हा समज चुकीचा. 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीज आहे. तो गोंवा, वसई, वेंगुर्लें येथील ख्रिस्ती कुटुंबांच्या घरांतून मराठींत आला, आणि या कुटुंबांचें वास्तव्य येथें इंग्रजी राज्याहून जुनें आहे. गोंव्यांत राहून थॉमस स्टीफन्स यांनीं मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलें तें १६१६ सालीं छापलें गेलें, म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्माआधीं. चार शतकें ज्याचा मराठीशीं संबंध आहे तो सण परका म्हणावयाचा, तर मग आमच्या भाजींतला बटाटा आणि घराची चावी यांसही परत गलबतांत घालून पाठवावें लागेल.

मिशनऱ्यांची तरफदारी करण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. परधर्माचीं दैवतें भर बाजारांत खोटीं ठरविण्याचा त्यांचा परिपाठ कोणाही स्वाभिमानी माणसास झोंबणाराच होता. १८३१ सालीं मुंबईस विल्सन यांच्याशीं मोरभट दांडेकर यांनीं जाहीर वाद केला, तो योग्यच केला. मताचें उत्तर मतानें द्यावें ही सभ्य रीत आहे. परंतु ज्यांनीं हा वाद केला त्यांतील किती जणांनीं मुलींकरितां शाळा काढली? मार्गारेट विल्सन यांनीं मुंबईस आल्या आल्या ती काढली, आणि १८३५ सालीं त्या येथेंच वारल्या. हा हिशेब आमच्या बाजूनें अजून चुकता झालेला नाहीं.

आणखी एक हिशेब १८४३ सालचा. नारायण शेषाद्री यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरीं राहिला होता, त्यास न्यायालयानें बापाच्या स्वाधीन केलें. पोर परत आलें. पण जातीचें दार बंद! त्यानें मिशनऱ्यांकडचें अन्न खाल्लें होतें ना! तेव्हां बाळशास्त्री जांभेकर, आमच्याच तेव्हांच्या रत्नागिरी मुलखांतील पोंभुर्ल्याचे सुपुत्र व 'दर्पण'कर्ते, त्या मुलासाठीं उभे राहिले, आणि त्यास प्रायश्चित्त देऊन परत घ्यावें म्हणून खटपट केल्याबद्दल त्यांनाच बहिष्काराचा त्रास सोसावा लागला. मुलास नेणाऱ्यावर फिर्याद करण्यास सगळे तयार होते. आलेल्यास पाटावर बसवून घेण्यास कोणी नव्हतें. पुढें याच रत्नागिरींत १९३१ सालीं पतितपावन मंदिर सर्व जातींच्या हिंदूंस मोकळें झालें, परंतु तोंवर अठ्ठ्याऐंशीं वर्षें गेलीं होतीं.

आतां कायद्याकडे वळूं. जबरदस्ती आणि फसवणूक यांस शिक्षा असावी यांत दुमत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही १९७७ सालीं स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यांत, धर्मप्रचाराच्या हक्कांत दुसऱ्यास धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाहीं, असा निर्णय दिला आहे. अडचण आहे ती 'आमिष' या शब्दाची. अशा प्रकारच्या कायद्यांत या शब्दाची व्याप्ति इतकी वाढूं शकते कीं औषध, फी-माफी, वसतिगृह, सगळेंच त्यांत बसावें. दापोलीचें उदाहरण घ्या. तेथें इंग्लंडच्या एस. पी. जी. मिशननें शाळा चालविली. त्या शाळेंत पांडुरंग वामन काणे शिकले. त्यांनीं धर्मशास्त्राचा इतिहास पांच खंडांत लिहिला आणि १९६३ सालीं भारतरत्न पदवी मिळविली. दापोलीच्या मिशन शाळेंतच पालगडचे साने गुरुजी शिकले. १९४७ सालीं पंढरपूरचें विठ्ठलमंदिर हरिजनांस मोकळें व्हावें म्हणून त्यांनीं प्राण पणास लावले. मिशनच्या बाकावर बसून एक धर्मशास्त्राचा इतिहासकार झाला, दुसरा विठोबाचा सत्याग्रही झाला. हें आमिष असेल तर तें लावणाऱ्याचा व्यवहार फारच आंतबट्ट्याचा झाला, असें आमचे व्यापारी वाचक सहज सांगतील.

उलटपक्षीं, ज्यांनीं खरोखर धर्म बदलला त्यांचें उदाहरणही याच तालुक्यांत आहे. नारायण वामन टिळक हर्ण्याच्याच दापोली तालुक्यांत, करजगांवीं १८६१ सालीं जन्मले. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला तो कोणाच्या पैशासाठीं नव्हे. घेतल्यावर घर मात्र तुटलें, आणि लक्ष्मीबाईंस पुढचीं कित्येक वर्षें किती सोसावें लागलें तें 'स्मृतिचित्रें' वाचणारास ठाऊक आहे. या टिळकांनीं मिशनऱ्यांची साहेबी चाल न उचलतां चर्चमध्यें कीर्तन उभें केलें, टाळ-अभंग नेले, आणि १९१७ सालीं मिशनचें वेतनही सोडलें. अहमदनगरकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळींस आपलें भजन आपल्या चालीवर म्हणतां आलें तें यांच्यामुळें. स्कॉच पाद्री सात समुद्र ओलांडून मराठी शिकावयास आला; त्याच्या ठाण्याजवळच्या गांवच्या ब्राह्मणानें ख्रिस्तास मराठी शिकविली. यांत कोणी कोणास जिंकलें, हें ठरविण्याचें काम कायदे लिहिणाऱ्यांनीं हातीं घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

दापोलीची ती शाळा आज ए. जी. हायस्कूल या नांवानें स्थानिक संस्थेच्या हातीं आहे. परंतु ज्या खेड्यांतून हर्ण्याचे मिशनरी हिंवाळ्यांत पायीं फिरले, तेथील कित्येक प्राथमिक शाळांची पटसंख्या रोडावली आहे, आणि सड्यावरच्या वाडीवर शिकविण्यास जावें असें वाटणारा माणूस मिळत नाहीं. कोंकणांतील गांवच्या उत्सवासाठीं मुंबईकर मंडळी दरसाल उदार वर्गणी देतात. त्याच पावतीपुस्तकांत शाळेच्या नांवाचें एक पान घालावें, अशी सूचना आम्ही जिल्ह्यांतील ग्रामस्थ मंडळांस करतों. आणि जीं मंडळें या नाताळाच्या सुट्टीआधीं तसा ठराव करतील, त्यांनीं तो आमच्याकडे पाठविल्यास आम्ही तो आनंदानें छापूं.