पाचोळा पेटवू नका, आवारातच मुरवा

माघ सरता सरता पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये पिंपळ, देशी बदाम, रेन ट्री पानं ढाळू लागतात. सकाळची झाडलोट उरकते आणि आवाराच्या कोपऱ्यात ढीग धुमसू लागतो. ही पद्धत यंदाच बंद व्हावी, म्हणून सोसायटीच्या सभासदांपुढे हे मुद्दे मांडतो आहे.

१. पानांचाच तर धूर, असं म्हणून सोडून देऊ नका. ढिगात हवा खेळत नाही, खालची पानं दमट असतात, त्यामुळे ती भडकत नाहीत, तासन्‌तास धुमसतात. या अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड, कर्करोगकारक बेंझोपायरीन आणि २.५ मायक्रॉनहूनही बारीक कण बाहेर पडतात. हे कण फुफ्फुसात खोलवर जातात. गार सकाळी हवा जमिनीलगत थबकलेली असते, म्हणून धूर वर न जाता खालच्या मजल्यांच्या खिडक्यांतून आत शिरतो. दम्याचं मूल असलेल्या घरात जाऊन विचारा. झाडलोटीबरोबर गुटख्याच्या पुड्या आणि वेफर्सची पाकिटंही पेटतात, ते आणखी घातक. आणि सर्वांत जास्त धूर जातो तो ढिगाशी उभ्या असलेल्या सफाई कामगार मावशींच्या छातीत. आपण खिडकी लावून घेतो, त्यांना ती सोय नाही.

२. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर मनाई केली आहे. दंड ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,०००. तो कामगाराच्या पगारातून कापणं अन्याय ठरेल. ढीग पेटतो तो समितीच्या संमतीने.

३. जमिनीतून घेतलेलं बरंच काही झाड पानांवाटे परत करतं. आपण ते जाळतो आणि पावसाळ्याआधी खताच्या गोण्या विकत आणतो! बुंध्याला न टेकवता आळ्यात पाचोळ्याचा चार बोटं थर द्या, उन्हाळ्यात ओल टिकते. उरलेला जाळीच्या पिंपात भरा, पाणी शिंपडा, शेणकाला किंवा आंबट ताक घाला, मधूनमधून चाळवा. काही महिन्यांत खत तयार होतं. ‘डास होतील’ ही भीती अनाठायी आहे; डासांना साचलेलं पाणी लागतं, ओलसर पानं नव्हेत. जागाच नसेल, तर पाचोळा हवा असलेले बागप्रेमी शहरात पुष्कळ आहेत. ‘ब्राउन लीफ’ हा पुण्यातला नागरिकांचा उपक्रम देणाऱ्या-घेणाऱ्यांची गाठ घालून देतो.

४. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, तर पान कुजायचं कुठे आणि पाणी मुरायचं कुठे? दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश हरित लवादाने २०१३ मध्येच दिला होता. तेवढं अंतर आपणही सोडू.

५. मोकळ्या सोडलेल्या मातीत तण उगवेल, पण मुलं खेळतात तिथे तणनाशक नको. ग्लायफोसेट हे बहुधा कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये नोंदवलं आहे. तण खुरप्याने निघतं.

६. येत्या सर्वसाधारण सभेत तीन ठराव हवेत: जाळण्यावर पूर्ण बंदी, पाचोळ्यासाठी दोन पिंपं आणि माळीकाका व मावशींना या जादा कामाचे वेगळे पैसे.