शिक्र्याची बदनामी
कोंबडी नाहीशी झाली की गावात पहिला आळ येतो तो शिक्र्यावर. आता हा शिक्रा कबुतराएवढा, चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम 26 ते 30 सेंटीमीटर, वजनाला फार तर पाव किलो. किलो-सव्वा किलोची गावरान तलंग तो उचलणार कशी? त्याचं रोजचं जेवण म्हणजे सरडे, उंदीर, टोळ, चिमण्या. पण पिल्लांची गोष्ट वेगळी. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू तीस-पस्तीस ग्रॅमचं. ते मात्र तो सहज नेतो. घारही नेते, डोमकावळाही नेतो, आणि कावळ्याचं नाव कुणी घेत नाही, कारण तो आपल्या रोजच्या ओळखीतला! खुडूक उतरून पिल्लं घेऊन हिंडणाऱ्या कोंबडीला हे सगळं माहीत असतं. वर सावली सरकली की ती एक वेगळाच स्वर काढते. जमिनीवरच्या मांजरासाठीचा ओरडा निराळा. तो स्वर ऐकला की पिल्लं क्षणात करवंदीच्या जाळीत. गंमत म्हणजे पावशा दिसायला शिक्र्यासारखाच, त्यामुळे त्या बिचाऱ्यालाही पाहून पाखरं कलकलाट करतात. मोठ्या कोंबडीचा काळ म्हणजे मुंगूस, रानमांजर आणि मोकाट कुत्री. तेव्हा पिल्लं महिना-दीड महिन्याची होईपर्यंत डालग्याखाली ठेवावीत, खुराड्याचं दार संध्याकाळी आठवणीनं लावावं, आणि शिक्र्यावरची गलोल खाली ठेवावी. 1972च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे.