सहाशे तास कशासाठी?



यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका काकूंनी आमच्यापैकी एकीला विचारलं, "अगं, बी.एस्सी. झालीस आणि इथे येऊन लोकांच्या आयब्रो करतेस?" विचारण्यात दुष्टावा नव्हता. निघताना त्याच काकूंनी मुलीच्या लग्नाआधी फेशियल किती दिवस आधी करावं, तेही विचारून घेतलं! पण प्रश्न डोक्यात राहिला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही तिघींनी न्यू जर्सीत 'स्किन केअर स्पेशालिस्ट'चा परवाना घेतला आहे. त्यासाठी इथे मान्यताप्राप्त शाळेत ६०० तास भरावे लागतात, शिवाय परीक्षा. टेक्सासमध्ये ७५० तास, फ्लोरिडात २२०. चेहरा तोच, राज्य बदललं की तास बदलतात. त्यामुळे "हे सगळं पैसे काढायचं काम" असं आपल्या बायका म्हणतात, ते अगदीच खोटं नाही. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१५मध्ये, नुसतं थ्रेडिंग करणाऱ्यांवरची ७५० तासांची सक्ती घटनाबाह्य ठरवली. त्यातले ३२०पर्यंत तास थ्रेडिंगशी संबंध नसलेले होते. दावा लावणाऱ्यांत पटेल, योगी अशी आपल्याकडची आडनावं होती, याचा आम्हालाही आनंद झाला.

पण तो निकाल दोऱ्यापुरता. वॅक्सिंग आणि फेशियलची गोष्ट वेगळी.

आमच्यातली एक ठाण्याला सहा वर्षं पार्लर चालवत होती. तिला वाटलं, आपल्याला इथे कोण काय शिकवणार? शाळेच्या क्लिनिकमध्ये तिच्यासमोर पहिलीच जी बाई आली, तिला वरच्या ओठाचं वॅक्सिंग हवं होतं. आमची मैत्रीण पट्टी लावणार, इतक्यात बाईंनी तिला थांबवून कार्ड वाचायला लावलं. ती बाई मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत होती. या गोळ्यांनी त्वचा इतकी नाजूक होते की पट्टीबरोबर सालही निघून येतं. "ठाण्यात आपण हे कधी कुणाला विचारलंच नव्हतं," असं ती त्या रात्री फोनवर म्हणाली आणि बराच वेळ गप्प राहिली.

हे पुस्तकातही असतं, पण हाताला ते तिथेच कळतं. वॅक्समध्ये एकदा बुडवलेली काडी पुन्हा बुडवायची नाही, चिमटे जंतुनाशकात पूर्ण वेळ ठेवायचे, ब्लॅकहेड काढताना किती दाबायचं आणि कधी सोडून द्यायचं. आपल्या सावळ्या त्वचेवर जरा जास्त झालं की काळा डाग महिनोन्महिने जात नाही, म्हणून पील किती वेळ ठेवायचं हा अंदाज निरनिराळ्या वर्णाच्या चेहऱ्यांवर काम करूनच येतो. प्लॅस्टिकच्या डोक्यावर नाही.

आता गाऱ्हाणं. आमच्यातल्या दुसरीच्या शाळेत 'प्रॅक्टिकल'चे कितीतरी तास टॉवेलच्या घड्या घालण्यात आणि फोन घेण्यात गेले. कागदावर तास पुरे झाले, हात मात्र कोराच. पहिल्या नोकरीत महिनाभर ती दुसऱ्यांचं काम बघत उभी होती. म्हणून आमचं मत असं की तास किती, यापेक्षा त्यातले किती तास खऱ्या गिऱ्हाइकावर, आणि शेजारी शिक्षिका उभी असते का, हे आधी विचारावं. फी भरण्यापूर्वी एखाद्या शनिवारी त्या शाळेच्या क्लिनिकमध्ये गिऱ्हाईक म्हणून स्वतःच फेशियल करून घ्यावं. तिथे विद्यार्थिनींकडून स्वस्तात होतं, आणि सगळं कळतं.

एच-४ वर असलेल्यांनी एक ध्यानात ठेवावं: परवाना म्हणजे वर्क परमिट नव्हे. काही जणींना २०१५पासून ते मिळू लागलं आहे, सगळ्यांना नाही. वकिलाला विचारल्याशिवाय घरच्या बेसमेंटमध्येसुद्धा पैसे घेऊन काम करू नये.

कुणाला शाळा बघायला जायचं असेल तर आमच्यापैकी एक जण सोबत येईल. मंडळाच्या पुढच्या पॉटलकला आम्ही तिघीही आहोत, चहाच्या टेबलापाशी. काकूंनीही यावं, लग्नाची तारीख जवळ आली आहे.