रंगपेटी नको, कागद द्या

भाऊबीजेला बहिणीकडे निघालेल्या तमाम मामांनो, जरा दुकानाच्या पायरीवरच थांबा. भाचरांसाठी २४ नळ्यांची ती जलरंगांची झगझगीत पेटी पिशवीत टाकण्यापूर्वी माझे ऐका. त्या पेटीने मुलाचे भले होणार नाही. झाला तर घातच होईल.

'जलरंग म्हणजे पोरखेळ, तैलरंग हे मोठ्यांचे काम' ही समजूत आपल्याकडे कोणी रुजवली, देव जाणे! खरा प्रकार उलटा आहे. तैलरंगात चुकले तर खरवडा, वर दुसरा थर द्या, भागते. जलरंगाला माफी ठाऊक नाही. पेटीतली पांढरी नळी ही तर पहिली फसवणूक. पारदर्शक जलरंगात पांढरे म्हणजे कोरा राखलेला कागद. फिक्याकडून गडदाकडे जायचे आणि उजेड कुठे ठेवायचा ते पहिला थेंब पडण्याआधी ठरवायचे. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात हातात दिवा घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचे चित्र आहे. बोटांतून झिरपणारा तो उजेड पाहून पुष्कळजण खुशाल 'रविवर्म्याचे चित्र' म्हणून मोकळे होतात. ते आहे सावळाराम हळदणकरांचे. १९४५-४६ च्या सुमारास स्वतःच्या मुलीला समोर उभे करून त्यांनी ते काढले, तेही जलरंगात. आणि हा म्हणे पोरखेळ!

एवढे अवघड माध्यम मुलाच्या हाती देताना आपण कागद कोणता देतो? चित्रकलेच्या वहीचा. ते पातळ पान ओले झाले की फुगते, खळग्यांत डबकी साचतात, कुंचला दुसऱ्यांदा फिरला की कागदाचे बोळे निघतात. मूल बिचारे आणखी घासते, आणखी चिखल होतो. मग कोणीतरी मोठे माणूस सांगते, "तुझ्या हातात रंग नाही." मला हे वाक्य पाचवीत ऐकवले गेले. मी ते खरे मानले आणि पुढे ३१ वर्षे कुंचल्याला शिवलो नाही. मग एकदा एका स्नेह्याने सुती चिंध्यांचा जाड कागद, चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, माझ्यापुढे सरकवला. म्हणाला, "नुसते आकाश काढ." मी फळी जरा तिरकी केली, भरलेला कुंचला आडवा ओढला, खालच्या कडेला जमलेले रंगाचे पाणी पुढच्या पट्ट्यात उचलून घेत घेत खाली आणले. निळा रंग आपला आपण पसरला आणि एकसारखा वाळला. हात तोच होता हो, माझाच! आनंद झाला, पण त्याहून जास्त राग आला. तो अजून उतरलेला नाही.

"पण चांगला कागद महाग असतो," तुम्ही म्हणाल. असतोच. म्हणून तर रंगांवर उधळू नका. नवशिक्याला २४ रंग करायचेत काय? अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर, तीन नळ्या पुरतात. पहिल्या दोहोंतून पावसाळी ढगापासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळे करडे निघतात. आठ-दहा नंबरचा एक गोल कुंचला घ्या. पाण्याची भांडी दोन, एक कुंचला धुवायला आणि एक स्वच्छ. तावाचे चार तुकडे करा, पाठपोट वापरा. झाला खर्च!

आणि कृपा करून 'इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण वाढतात' हा हिशेब मुलाच्या उशाशी बसून करू नका. गुणांकडे डोळे लावलेले मूल थर वाळायची वाट पाहत नाही. अर्धवट ओल्या रंगाला पुन्हा ओला कुंचला लावला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उमटतात, ते या घाईचेच. जलरंगात निम्मे काम हात आवरून बसण्याचे असते. आणि मुलाने ते शिकावे असे वाटत असेल, तर मागे उभ्या असलेल्या मोठ्यांनी आधी तोंड आवरावे.

गेल्या भाऊबीजेला भाचीसाठी मी असा एक ताव नेला. बहीण म्हणाली, "दादा, पोरीला दिवाळीला कोणी कोरा कागद देतं का?" संध्याकाळपर्यंत पोरीने तीन आकाशे काढली. दोन साफ बिघडली. तिसऱ्यात खालच्या बाजूला एक बारीकशी फट पांढरीच होती.

"इथे रंगवायचं राहिलं वाटतं गं," बहीण म्हणाली.

"राहिलं नाही, ठेवलंय," भाची म्हणाली. "बीजेची कोर आहे ती."