कागदाची आयात घटली म्हणजे देश सावरला का?

मार्च 2022 मध्ये श्रीलंकेच्या पश्चिम प्रांतातल्या शाळांना कळवलं गेलं की सत्र परीक्षा बेमुदत पुढे ढकलल्या आहेत. कारण काय, तर प्रश्नपत्रिका छापायला कागद नाही आणि कागद मागवायला डॉलर नाहीत. त्याच महिन्यात ‘द आयलंड’ आणि ‘दिवयिना’ या दैनिकांनी शनिवारचा छापील अंक थांबवला. पावसामुळे, निवडणुकीमुळे, कोरोनामुळे परीक्षा पुढे गेलेल्या आम्ही शिक्षकांनी पाहिल्या आहेत. कागदाअभावी? कधीच नाही.

त्या वर्षी श्रीलंकेची एकूण आयात सुमारे 20.6 अब्ज डॉलरवरून 18.3 अब्जांवर आली. नुसता आलेख पाहणारा म्हणेल, वा, खर्च आटोक्यात आला! पण तिथली खरी हकीकत म्हणजे तिजोरी रिकामी होती. एप्रिलमध्ये तर परदेशी कर्जाची परतफेडच थांबवावी लागली. दोनशे रुपयांच्या आसपास असलेला डॉलर काही आठवड्यांत साडेतीनशेच्या पुढे गेला. व्यापाऱ्याने आपल्या रुपयात तेवढीच रक्कम बाजूला ठेवली असती, तरी रीम मात्र कमीच आले असते.

भारताशी तुलना करताना आणखी सांभाळावं लागतं. रकमेत भारताची कागद-पुठ्ठ्याची आयात श्रीलंकेपेक्षा कितीतरी मोठी आहे. पण आपण 140 कोटी, ते सव्वादोन कोटी. माणशी हिशोब केला की चित्र उलटं होतं. आपल्याकडे वह्या-पुस्तकांचा बहुतेक कागद देशातल्या गिरण्यांतून येतो. श्रीलंकेत वाळैच्चेनै आणि एंबिलिपिटिया इथले सरकारी कागद कारखाने वर्षानुवर्षं ठप्प होते, म्हणून जवळपास सगळी भिस्त बाहेरच्या मालावर.

मात्र आपण स्वावलंबी, असं म्हणून छाती फुगवण्यात अर्थ नाही. जकातीच्या जागतिक वर्गवारीत कागद-पुठ्ठा 48 व्या प्रकरणात येतो; लगदा आणि रद्दी 47 व्या. आपल्या गिरण्या रद्दी आणि लगदा बाहेरून मोठ्या प्रमाणात आणतात, म्हणजे फक्त 48 पाहिलं तर अर्धं परावलंबन नजरेआडच राहतं. वर्तमानपत्राच्या कागदाचं तर निम्म्याहून जास्त ओझं आयातीवर आहे.

आणि भाव? 2022 मध्ये युक्रेन युद्ध, जहाजभाडं, रशियाकडून अडलेला माल यांमुळे वृत्तपत्री कागद टनाला साधारण 450 डॉलरवरून 950 च्या घरात गेला. म्हणजे 100 टनांना आधी 45 हजार लागायचे, तेव्हा 95 हजार लागले. आयातीचं मूल्य दुप्पट झालं, पण कागद एक टनही वाढला नाही! दहावीच्या मुलांना मी नेहमी सांगतो, डॉलरच्या आलेखाशेजारी टनांचा आलेख काढा, मगच बोला.

पुढे भारताच्या एक अब्ज डॉलरच्या कर्जसुविधेतून श्रीलंकेने छपाईचं साहित्य आणलं, आणि 2023 च्या शालेय पाठ्यपुस्तकांपैकी सुमारे 45 टक्के गरज त्यातून भागली. हे साहित्यही आयातीच्याच खात्यात जमा होतं. तो आकडा वाढला तेव्हा मुलांच्या हाती पुस्तकं आली, आणि ती उधारीवर आली होती.