कुलपातली चित्रे

केदारखेड्याच्या परिसरातील एका सार्वजनिक ग्रंथालयात मी कित्येक वर्षे जात आहे, तो केवळ वर्तमानपत्रे चाळण्यासाठी. गेल्या पावसाळ्यात सरींनी तेथेच अडकवून ठेवले, तेव्हा वेळ जावा म्हणून कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात डोकावलो. नेहरू बाल पुस्तकालयाची सडपातळ पुस्तके, माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’, पानभर रंगीत चित्र आणि खाली दोनच ओळी अशी आणखी कितीतरी! कपाटाला कुलूप. किल्ली सापडायला अर्धा तास लागला. पुस्तकांची पाने ओलीने एकमेकांना चिकटलेली, आणि देवघेवीच्या चिठ्ठ्या कोऱ्या.

“पोरं पानं फाडतात, फादर. तपासणीला पुस्तक दाखवावं लागतं,” ग्रंथपाल म्हणाले. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या त्या माणसाला मी दोष देणार नाही. परंतु १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली ही ग्रंथालये शासनाचे अनुदान घेतात. तो पैसा जनतेचा आहे. तपासनिसाने मोजावीत म्हणून ही पुस्तके घेतली, की मुलांनी हाताळावीत म्हणून? फाटलेले पुस्तक निदान कुणीतरी उघडले होते एवढी तरी साक्ष देते.

माझे खरे भांडण मात्र आपल्याच घरांशी आहे. ही हकिगत सांगताच धर्मग्रामातील एक सुशिक्षित गृहस्थ हसून म्हणाले, “फादर, चित्रं बघून का मार्क मिळतात?” याच गृहस्थांनी पहिलीतल्या मुलासाठी गाईड विकत आणले आहे. वाचकहो, चित्र म्हणजे अडाण्यांची करमणूक, हा समज ख्रिस्ती माणसाच्या तोंडी तरी शोभत नाही. मार्सेयचे बिशप सेरेनस यांनी मंदिरातील प्रतिमा फोडल्या, तेव्हा पोप ग्रेगरी महान यांनी सन ६०० मध्ये त्यांना पत्राने समज दिली: वाचणाऱ्याला जे अक्षर देते, ते न वाचणाऱ्याला चित्र देते. आपल्या मंदिराच्या भिंतीवरील क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने हे चौदा पानांचे चित्रपुस्तक नव्हे काय? कडेवरचे मूल बोट दाखवून विचारते, “हा का पडला?” पुढच्या चित्रापाशी पुन्हा विचारते. त्याचे वाचन तेथेच सुरू झालेले असते; आपण मात्र त्याला गप्प बसवतो.

युरोपात मुलांसाठी रचलेले पहिले प्रसिद्ध चित्रपुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे निघाले. कर्ता कोमेनियस, मोरावियन बंधुसंघाचा बिशप. (आपल्या ख्रिस्तसभेचा नव्हे, हे कबूल; पण चांगली गोष्ट शेजाऱ्याच्या अंगणातूनही घ्यावी.) वस्तूचे चित्र आणि शब्द एकाच वेळी डोळ्यांपुढे आले पाहिजेत, हे त्याला साडेतीनशे वर्षांपूर्वी उमगले होते.

आपल्या भागात याची निकड अधिक आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतील कित्येक मातांना अक्षर येत नाही. गाईड हाती आले की अशी आई मुलासमोर मुकी होते. चित्रपुस्तक उघडले तर तिला बोलता येते: ही विहीर, ही म्हैस, ही मुलगी रुसली आहे, का बरे रुसली असेल? पान उलटण्यापूर्वी पुढे काय होईल याचा अंदाज बांधायला मूल शिकते. चित्रात मांजर पलंगाखाली असते, ओळीत तिचा उल्लेखही नसतो. ते मांजर आधी मुलाला दिसते आणि ते आईला दाखवते. ज्या घरात पुस्तकच नाही, तेथे शिकवणाऱ्याचा मान मुलाला आणखी कोठे मिळणार?

काही तरुण म्हणतात, आता हे सारे मोबाईलवर फुकट मिळते. खरे आहे. २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रकथाही आहेत. पण घरातला मोबाईल बापाच्या खिशात असतो, आणि बाप परततो तेव्हा मूल झोपलेले असते.

मी त्या ग्रंथालयाचा सभासद झालो आहे. अनामत भरली आहे. कपाट उघडे ठेवा, फाटेल त्या पुस्तकाची किंमत माझ्याकडून घ्या, असे ग्रंथपालांना लेखी दिले आहे. येत्या रविवारी मिस्सानंतर दहा पुस्तके घेऊन मी मंदिराच्या ओट्यावर बसणार आहे. मुलांना पाठवा. गाईडवाल्या गृहस्थांनीही यावे. त्यांच्यासाठी ‘राधाचं घर’ बाजूला काढून ठेवले आहे.